वॅक्स स्ट्रिप निवडण्याआधी ड्रेसिंग टेबलवर एक नजर टाका

गेल्या रविवारी मामेबहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. दुकानातल्या रॅकवर ओळीने मांडलेली वॅक्स स्ट्रिपची सात-आठ पाकिटं आणि खाली प्रश्न, ‘ताई, यातलं कुठलं घेऊ? लवकर सांग, आई बिलिंगला उभी आहे.’ ती अकरावीत आहे. गॅदरिंगला गुडघ्यापर्यंतचा ड्रेस घालायचाय आणि पार्लरमध्ये अनोळखी बाईसमोर पाय पसरून बसायची तिला लाज वाटते.

मी उलट विचारलं, ‘सध्या चेहऱ्याला आणि पायांना काय काय लावतेस?’

तिने तीन प्रश्नचिन्हं पाठवली. पण माझा प्रश्न खरंच तोच होता. कारण पाकीट चुकलं तर फार तर पैसे वाया जातात. त्वचा ओळखण्यात चूक झाली तर काय होतं, ते मी स्वतः भोगलंय.

मी मूळची नागपूरची. डिसेंबरमध्ये मावसबहिणीचं लग्न होतं. हळदीच्या आदल्या रात्री आरशात पाहिलं तर अप्पर लिपवर लव दिसत होती. ओळखीची पार्लरवाली नवरीच्या मेंदीत अडकलेली. घरात पायांसाठी आणलेल्या स्ट्रिप होत्या. मी त्यातली एक कात्रीने कापून छोटी केली आणि ओठांवर चिकटवली. थंडीमुळे वॅक्स कडक झालं होतं, त्यामुळे पहिल्यांदा काहीच निघालं नाही. मग त्याच जागी दुसऱ्यांदा ओढली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी केसांबरोबर कातडीही सोलली गेली. लालभडक, ओलसर, हात लावू देईना. सकाळपर्यंत वर खपली धरली होती. हळदीला सगळ्या मावश्या-काकू गालाला हळद लावायला यायच्या आणि मी तोंड फिरवायचे. ‘अगं, हे काय करून घेतलंस?’ या आईच्या प्रश्नाला मी दोन दिवस वेगवेगळी उत्तरं दिली. खपली आठवड्यात गेली, पण मागे राहिलेला तपकिरी डाग गुढीपाडव्यापर्यंत टिकला.

नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी वॅक्सबद्दल विचारायच्या आधी विचारलं, ‘चेहऱ्याला काही लावत होतात का?’ लावत होते. पिंपल्ससाठी दोन महिने रोज रात्री अ‍ॅडापॅलीनचं जेल. उत्तर तिथेच होतं.

अ‍ॅडापॅलीन, ट्रेटिनॉइन, रेटिनॉल ही सगळी एकाच कुटुंबातली औषधं. ती त्वचेचा वरचा थर लवकर बदलायला लावतात, म्हणूनच पिंपल्स आणि डाग कमी होतात. पण त्या काळात वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना नेहमीसारख्या घट्ट धरून राहत नाहीत. वॅक्स चिकटलं आणि ओढलं की तो थरही सोबत निघतो. ग्लायकोलिक अ‍ॅसिडसारख्या सालं काढणाऱ्या सीरमनेही हा धोका वाढतो. तुम्ही म्हणाल, आम्ही असलं काही वापरत नाही. तर मग ती ‘डाग घालवणारी’ ट्यूब एकदा उलटी करून वाचा, जी शेजारच्या ताईंना गुण आला म्हणून आपणही मेडिकलमधून आणतो. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड, असं तिन्ही एकत्र असतं. स्टेरॉइड दीर्घकाळ लावलं तर त्वचा पातळ होते. म्हणजे अशा चेहऱ्यावर स्ट्रिप लावणं दुप्पट धोक्याचं.

क्रीम असेल तर किती दिवस आधी बंद करायचं हे ज्यांनी लिहून दिलं त्या डॉक्टरांनाच विचारा. साधारण आठवडाभराचं अंतर तरी लागतंच. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल चालू असतील तर कोर्स संपल्यावरही किमान 6 महिने वॅक्सिंग नाही, ना चेहऱ्याला, ना पायांना. कारण पोटात घेतलेलं औषध सगळ्या अंगाच्या त्वचेवर काम करतं. या दिवसांत ट्रिमर वापरा. त्याने त्वचा सोलत नाही.

आता पाकिटाकडे

मामेबहिणीचं उत्तर आलं, ‘फक्त सनस्क्रीन आणि बॉडी लोशन.’ मग मी फोटो मोठा करून पाहिला.

पाकिटावर कोरफड, गुलाब, मध, बदाम, काय काय असतं. माझ्या मते यातला निम्मा भाग वासाचा आणि चित्राचा. केस ओढून काढायचं काम राळेसारखा चिकट पदार्थच करतो. घटकांच्या यादीत बहुतेकदा ‘ग्लिसेरिल रोझिनेट’ असं नाव दिसेल. ते पाइनच्या झाडाच्या राळेपासून बनतं, आणि राळेची अ‍ॅलर्जी काही जणांना असते. जखमेवर चिकटपट्टी लावली की ज्यांना खाज सुटते, पुरळ येतं, त्यांनी इथे विशेष जपून राहावं. चित्र पाहू नका, दोनच गोष्टी पाहा. एक, स्ट्रिप कुठल्या भागासाठी आहे. चेहऱ्याच्या आणि अंडरआर्म्सच्या स्ट्रिप वेगळ्या मिळतात, पायांच्या कापून चेहऱ्याला लावायच्या नसतात. हा शहाणपणा मला डाग पडल्यावर आला. दुसरी, तुमच्या त्वचेसाठी कुठला प्रकार आहे. कोरडी, नॉर्मल, संवेदनशील असं लिहिलेलं असतं. शंका असेल तर संवेदनशील त्वचेचा घ्या.

किंमत पाहताना आत किती स्ट्रिप आहेत तेही मोजा. पहिल्यांदा करणाऱ्याच्या दोन-चार स्ट्रिप फुकट जातातच, म्हणून अगदी छोटं पाकीट घेऊन अर्ध्या पायावर अडकू नका. आणि आत तेलाचे वाइप्स आहेत का ते बघा. स्ट्रिपचं वॅक्स पाण्याने निघत नाही. आई घरी साखर आणि लिंबाचा पाक करून जुन्या जीन्सच्या पट्ट्यांनी वॅक्सिंग करायची, ते पाण्याने धुतलं जायचं. इथे मात्र वाइप नसेल तर खोबरेल तेल लागतं. साबण घासत बसलात तर पाय तसाच चिकट राहील आणि सोबत बादली, नळ, टॉवेल हेही चिकटतील. अनुभवाचे बोल.

लावायची कशी आणि कुठे

आधी केसांची लांबी. कोलम तांदळाच्या दाण्याएवढे, म्हणजे साधारण अर्धा सेंटिमीटर केस असतील तर स्ट्रिप नीट पकडते. दीड-दोन मिलिमीटरचे केसही निघतात असं काही पाकिटांवर लिहिलेलं असतं. निघतातही, पण नवख्या हाताने नाही. रेझर फिरवून चार दिवस झाले असतील तर दोन-तीन आठवडे थांबा. फार लांब असतील तर कात्रीने थोडे छाटून घ्या, नाहीतर विनाकारण दुखतं.

एक दिवस आधी पायाच्या छोट्याशा भागावर स्ट्रिप लावून ओढून बघा. 24 तासांत पुरळ, सूज, आग काही झालं नाही तरच पुढे जा. हे सगळे सांगतात आणि कुणीच करत नाही. मीही करत नव्हते.

त्या दिवशी पायांना लोशन, तेल काही नको. त्वचा स्वच्छ आणि पूर्ण कोरडी हवी. मुंबईत मे महिन्यात हीच खरी अडचण असते, घाम थांबतच नाही. अशा वेळी मी पंख्याखाली बसते, थोडी बेबी पावडर लावून झटकून टाकते आणि स्ट्रिप आधी पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवते, कारण फार मऊ झालेलं वॅक्स केस सोडतं आणि त्वचेवर बसतं. नागपूरच्या, इंदूरच्या किंवा दिल्लीच्या थंडीत उलट. तिथे स्ट्रिपची जोडी दोन्ही तळव्यांत धरून चांगली चोळायची, मग हळूच वेगळी करायची. तव्यावर किंवा इस्त्रीवर गरम करायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली असेल तर ती तिथेच सोडा, भाजेल.

केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने स्ट्रिप दाबून फिरवायची आणि उलट दिशेने ओढायची, हे बहुतेकींना माहीत असतं. चुकतं ते ओढण्यात. आपण स्ट्रिप वर, छताकडे ओढतो. त्याने केस मधेच तुटतात आणि त्वचा उचलली जाऊन निळी-लाल होते. स्ट्रिप त्वचेला जवळजवळ चिकटून, मागे दुमडल्यासारखी एका झटक्यात यायला हवी. आणि दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरायला हवी.

हा दुसरा हात महत्त्वाचा. पायाला वॅक्स करताना तुमचे दोन्ही हात मोकळे असतात. हाताला करताना एकच उरतो. अंडरआर्म्सला तर एक हात डोक्यामागे, उरलेल्या हाताने ओढायचं, मग त्वचा ताणणार कोण? त्यात तिथले केस निदान दोन दिशांना वाढतात, वरचे वर आणि खालचे खाली, म्हणजे दोन भागांत करावं लागतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, सुरुवात नडगीपासून करा. ते जमलं की पोटरी. अंडरआर्म्स पहिल्या काही वेळा बहिणीकडून, मैत्रिणीकडून करून घ्या किंवा सरळ पार्लरला जा. आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

एका जागी फार तर दोनदा. तरी चार केस उरले तर चिमट्याने काढा. स्ट्रिप चिकटते आहे तोवर पुन्हा वापरता येते, पण फक्त स्वतःसाठी. ओढताना कधी कधी रक्ताचे बारीक ठिपके येतात, त्यामुळे बहिणी-बहिणींतही एकच स्ट्रिप नको.

नंतरचा एक दिवस गरम पाण्याची अंघोळ, जिम, उन्हात फिरणं, परफ्यूम आणि डिओ यांना सुट्टी. सैल सुती कपडे घाला. बारीक लाल पुरळ एक-दोन दिवसांत जातं, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या तरी पुरे. त्यावर हळद-लिंबू काही चोळू नका. दोन-तीन दिवसांनी मऊ कापडाने किंवा हलक्या स्क्रबने अंग घासलं तर केस आतल्या आत वळून फोड येत नाहीत. फोड पिकले, ताप आला तर डॉक्टर.

मधुमेह असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर हा प्रयोग डॉक्टरांना न विचारता करू नये. घरात आजी, काकू हौसेने स्ट्रिप मागतात तेव्हा हे आठवावं. आणि हनुवटीवर अचानक जाड केस यायला लागले, सोबत पाळीही अनियमित असेल, तर ते नुसते ओढत बसू नका. हार्मोन्सचं काही आहे का, ते तपासून घ्या.

मामेबहिणीला मी संवेदनशील त्वचेची, पायांची मोठी पाकीटवाली स्ट्रिप घ्यायला सांगितलं. त्यावर मामीचा फोन आला, ‘अगं, एवढ्या लहान वयात कशाला ते?’ मी म्हटलं, मामी, तिला नको असेल तर मुळीच नको, कुणी केसांवरून हसलं म्हणून तर अजिबात नको. पण तिने करायचंच ठरवलं असेल तर बाथरूमची कडी लावून चोरून करण्यापेक्षा तुमच्यासमोर करू दे. मामी जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘ते ताणून धरायचं म्हणतेस ना, ते मी धरते.’

बुधवारी रात्री फोटो आला. एक पाय गुळगुळीत, एक तसाच. खाली लिहिलं होतं, ‘ताई, दुसरा उद्या. आई दमली.’