हुशारांची पंगत वेगळी का?

आमच्याकडे मुलांच्या दोनच जाती आहेत. एक हुशार आणि दुसरी ढ. बाकीच्या जाती मोडण्यासाठी पुष्कळांनी पुष्कळ खटपट केली, व्याख्याने दिली, सहभोजने घातली. या दोन जातींविरुद्ध मात्र कोणी ब्रही काढीत नाही. उलट त्या नीट पाळल्या जाव्यात म्हणून आम्ही शाळा चालवतो, शिकवण्या लावतो आणि निकालाच्या दिवशी पेढे वाटतो.

बीडजवळच्या नारायणगडाच्या परिसरात माझी सारी नोकरी गेली, म्हणून हे मला अधिक बोचते. नगद नारायण महाराजांचे हे स्थान. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. एकादशीला गडावर माणूस मावत नाही. सप्ताहात पंगत बसते तेव्हा वाढणारा पुढे सरकत जातो. पत्रावळीपुढे बसलेल्याला तो गुण विचारीत नाही, की वर्गात कितवा आलास असेही विचारीत नाही. टाळ वाजवणारा, पाणी भरणारा, चपला सांभाळणारा असे सगळे एका ओळीत जेवतात. तीच माणसे गड उतरून घरी आली, की शेजारच्या पोराबद्दल आपल्या पोराला बजावतात, "त्याच्याजवळ बसू नकोस, तो ढ आहे!"

दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी मी माझाच अपराध सांगतो. 1980 च्या सुमारास माझ्या वर्गात दोन मुले होती. एक नेहमी पहिला यायचा. दुसऱ्याला 'भ' आणि 'म' यांतला फरक कळत नसे. 'घ'चा 'ध' होई, जोडाक्षर आले की घाम फुटे. पण हाच मुलगा हरिपाठ नुसता ऐकून पाठ म्हणे, पखवाजाचे बोल एकदा ऐकले की हातात उतरवी आणि विहिरीत पाणी किती असेल ते काठावर उभा राहून तोंडी सांगे. दोघांची गट्टी होती. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर पहिला धडा मोठ्याने वाची आणि दुसरा त्याला गणित समजावून देई. मी काय केले? ती जोडी फोडली. हुशाराचे नुकसान होईल म्हणून त्याला पहिल्या बाकावर आणले, दुसऱ्याला शेवटच्या बाकावर धाडले आणि वर छडीही चालवली. सातवीत तो शाळेतून गेला तो थेट उसाच्या फडात.

पहिला पुढे मोठा अधिकारी झाला. एकदा भेटायला आला असता म्हणाला, "गुरुजी, घनफळ मला तुम्ही नाही शिकवलंत, त्यानं शिकवलं, विहिरीच्या काठावर." मला उत्तर सुचले नाही. दुसरा दर दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागे. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा कागद त्याला वाचता येत नसे. ज्याला विहिरीचे घनफळ तोंडी येत होते, त्याने आपल्याच कर्जाच्या आकड्याखाली न वाचता अंगठा उठवला! हा हिशेब माझ्या नावावर आहे.

मला तेव्हा माहीत नव्हते, ही सबब मी पुढे करणार नाही. माहिती जगात होती. 1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, पण अक्षरे त्याच्या हाती लागत नव्हती. शिक्षण सारे तोंडी असते, तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय होता. माझ्या विद्यार्थ्याची हकीकत, जणू त्याच्या जन्माआधीच, कोणी लिहून ठेवली होती. 1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धीच्या कसोट्या तयार केल्या, त्याही कोणाला जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. त्या कसोट्यांचे मराठी आणि कानडी रूप व्ही. व्ही. कामत यांनी सिद्ध केले. मदतीसाठी केलेल्या त्या फूटपट्टीची पुढे जगभर छडी झाली, यात बिनेचा दोष नाही.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, जुने उगाळता कशाला? आज सोयी आहेत. आहेत, मी त्या नाकारीत नाही. बुद्धिमान मुलांसाठी पुण्यात आप्पा पेंडसे यांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि 1969 साली तिची प्रशाला सुरू झाली. बुद्धी ही समाजाची ठेव आहे, हा विचार तिने मुलांपुढे ठेवला. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नवोदय विद्यालयांना बळ दिले. आमच्या जिल्ह्याचे नवोदय गेवराई तालुक्यात गढीला आहे. खेड्यातल्या गरिबाचे मूल तेथे फुकट राहते, जेवते, शिकते. ही थोर गोष्ट आहे. दुसऱ्या बाजूला, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्रात 1996 पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या आणि दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्याने तिला नावानिशी स्थान दिले.

मग तक्रार काय? तक्रार अशी, की दोन दरवाजे झाले आणि माझा विद्यार्थी दोहोंच्या मधल्या भिंतीपाशीच उभा राहिला. हुशारांच्या दारावर परीक्षा आहे, ती कागद वाचून सोडवायची. दिव्यांग मुलाला तेथे जादा वेळ मिळतो, हे खरे. पण आपण त्यात मोडतो हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, तो जादा वेळ मागणार कसा? आणि दुसऱ्या दारावर प्रमाणपत्र आहे. ते मिळवायचे तर मोठ्या रुग्णालयाच्या खेपा घालायच्या. फडावर निघालेल्या आईबापांनी त्या कधी घालाव्यात? त्यातही आमच्याकडे आणखी एक गुंता आहे. प्रत्येक न वाचणाऱ्या मुलाला ही अडचण असतेच असे नाही. कित्येकांची शाळा ऊसतोडीमुळे महिनोन्महिने बुडते. कोणाला अक्षर दिसूनही उमगत नाही आणि कोणाला ते कधी दाखवलेच गेले नाही, हा निवाडा जाणत्याने मुलाजवळ बसून करायचा असतो. आम्ही तो बाकाचा नंबर पाहून करतो.

माझे मागणे साधे आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक अशी निवासी शाळा हवी, की जेथे तल्लख मुले आणि वेगळ्या रीतीने शिकणारी मुले एका छपराखाली राहतील. त्यांचा स्वयंपाकघराचा पाळीपाळीचा क्रम एक असेल. शेत, सुतारकाम, भजन, नाटक एकत्र चालेल. वाचनाच्या तासाला मात्र ज्याला गरज आहे त्याला प्रशिक्षित शिक्षक वेगळे घेऊन बसेल, एकेक ध्वनी आणि त्याचे अक्षर कान, डोळा व बोट यांनी मिळून शिकवील. ही काही विलायती जादू नाही. आमच्या पूर्वजांची धूळपाटी बोटानेच गिरवायची असे. अनुताई वाघांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. मुलाने शाळेच्या मापात बसावे, हा हट्ट त्यांनी सोडला, एवढेच. तो सोडणे आम्हालाच इतके जड का जाते?

हुशार मुलाचे यात नुकसान होईल, हा पहिला आक्षेप. मी वर सांगितलेल्या अधिकाऱ्याला विचारा. जे आपल्याला येते ते दुसऱ्याला समजेल असे सांगणे, ही बुद्धीची खरी कसोटी असते आणि ती एकट्याने देता येत नाही. दुसरा आक्षेप, सवलत म्हणजे फुकटचे गुण. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याचे गुण आपण कापतो काय? तिसरा आक्षेप पैशाचा. एका जाणत्या शिक्षकाचा पगार जड वाटणाऱ्या समाजाने सप्ताहाच्या मांडवाचा आणि लग्नाच्या वरातीचा खर्च एकदा कागदावर मांडून पाहावा, म्हणजे पैसा कोठे आहे ते दिसेल.

आणि गडाने मुलांना कानांनी शिकवले, तेवढे पुरे आहे, असेही मी म्हणत नाही. पखवाज वाजवणाऱ्या त्या हाताला उचलीचा कागदही वाचता आला पाहिजे. पंगतीने त्याला माणूस म्हणून बसवले, पण पाटी त्याच्या हातात द्यायचे काम शाळेचे होते आणि ते तिने केले नाही.

2007 साली 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला तेव्हा आमच्याकडच्याही पुष्कळ आईबापांनी डोळे पुसले. सहामाहीचा निकाल लागला आणि त्याच घरांतून पुन्हा जुनाच शब्द ऐकू येऊ लागला. तेव्हा नुसत्या डोळ्यांतल्या पाण्याचा मला भरवसा नाही.

वाचकहो, आपण फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक चाळीत असाल, तेव्हा आमच्या बाजूला ट्रकमध्ये बाडबिस्तरे चढत असतील. त्यांवर बसलेल्या पोरांत एखादे असे असेल, की जे तोंडी हिशेबात तुम्हाआम्हाला हरवील आणि पाटीवर आपले नाव लिहू शकणार नाही. तसेच एखादे तुमच्या घरीही असेल, किल्ला सुंदर बांधणारे आणि शुद्धलेखनाची वही लपवून ठेवणारे. या सुट्टीत त्याला वही काढायला सांगू नका. धडा तुम्ही मोठ्याने वाचा, प्रश्न तोंडी विचारा आणि उत्तर नीट ऐका. मग सुट्टी संपल्यावर त्याच्या शाळेत जाऊन गुरुजींना गाठा आणि याची तपासणी कोठे होते, ते विचारा. त्यांना ठाऊक नसेल, तर त्यांनी ते शोधून काढेपर्यंत उठू नका. माझ्याकडे असा पालक तेव्हा एकही आला नव्हता. आला असता, तर मी बहुधा त्याच्यावर रागावलो असतो. पण ती जोडी मला फोडता आली नसती.