दक्षिण टोकावरून : पहिले औषध थांबले, आता पुढचे कोणते?



एरवी या सदरात ऑकलंडची घरभाडी, पाऊस आणि गणपतीला न मिळणारी केळीची पाने असले विषय असतात. आज जरा जड विषय आहे. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या दोन घरांतून एकच प्रश्न आला : "इम्युनोथेरपी चालू होती, आता लागू पडत नाही म्हणतात. पुढे काय करायचं?" २०२३ मध्ये आमच्या घरातही हाच प्रश्न होता. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे हा वैद्यकीय सल्ला नव्हे. पण निर्णयाला कसे भिडायचे याबद्दल थोडे सांगता येईल. मावशीची परवानगी तेव्हाच घेऊन ठेवली होती. ("लिही, पण माझं नाव नको आणि रडगाणं नको.")

आधी आजाराविषयी. मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यात जगात सर्वांत पुढे आहेत. गोरी कातडी आणि इथले कडक ऊन. त्यामुळे आपल्याकडे समज असा, की हा गोऱ्यांचा आजार. बऱ्याच अंशी खरेही आहे. पण सावळ्या माणसांत तो होतो तेव्हा बहुधा ऊन न लागणाऱ्या जागी होतो : तळपाय, तळहात, नखाखाली. याला एक्रल मेलानोमा म्हणतात. बॉब मार्लेला पायाच्या अंगठ्याला झाला होता तो हाच. १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी तो गेला.

मावशीला टाचेवर झाला. ती १९९६ पासून ऑकलंडमध्ये. काळा डाग कुरूप समजून वर्षभर दुकानातल्या पट्ट्या लावल्या. २०२१ मध्ये ऑपरेशन झाले, २०२२ मध्ये फुप्फुसात गाठी दिसल्या आणि पेम्ब्रोलिझुमॅब, म्हणजे कीट्रूडा, सुरू झाले.

या औषधांचे तत्त्व थोडक्यात असे. आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना ब्रेक असतात, नाहीतर त्या स्वतःच्याच शरीरावर उठतील. कॅन्सर हे ब्रेक दाबून धरतो. औषध ब्रेक सोडवते. पीडी-१ हा एक ब्रेक. कीट्रूडा आणि निव्होलुमॅब त्यावर काम करतात. सीटीएलए-४ हा दुसरा, त्यावर इपिलिमुमॅब. या दोन ब्रेकांवरील संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. ब्रेक सोडल्यावर गाडी कुठेही धडकू शकते, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

मावशीला कीट्रूडा फुकट मिळत होते. ते आपोआप झालेले नाही. इथे सरकारी खर्चाने कोणती औषधे द्यायची हे १९९३ पासून फार्मॅक ही संस्था ठरवते. बजेट ठरलेले, त्यामुळे प्रत्येक औषध रांगेत. कीट्रूडाला सुरुवातीला खालचा क्रम मिळाला, कारण दीर्घकाळाचा पुरावा अपुरा वाटला. मार्च २०१६ मध्ये मेलानोमाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक वेलिंग्टनला पार्लमेंटवर गेले, मोठा गाजावाजा झाला. जुलै २०१६ पासून निव्होलुमॅब आणि सप्टेंबरपासून कीट्रूडा सरकारी खर्चाने मिळू लागले. मावशी म्हणायची, "मी ज्या खुर्चीत बसून सलाईन घेते ती कुणीतरी भांडून मिळवलेली आहे."

असो. जून २०२३ च्या स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या गाठी वाढलेल्या आणि यकृतात एक नवी. इथून खरा विषय सुरू.

पहिला प्रश्न : औषध खरोखर थांबले आहे का? इम्युनोथेरपीत कधीकधी पेशी गाठीत घुसतात म्हणून ती आधी फुगलेली दिसते. असे क्वचितच होते, पण होते. म्हणून डॉक्टरांनी काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केला. वाढ खरी होती. वाढ सिद्ध झाली की त्या औषधाचा सरकारी निधीही थांबतो.

दुसरा प्रश्न : गाठीचा जनुकीय अहवाल काय म्हणतो? बीआरएएफ नावाच्या जनुकात बदल असेल तर गोळ्यांचा वेगळा मार्ग असतो. एक्रल प्रकारात तो बदल कमी आढळतो. त्यात कधीकधी किट या जनुकात बदल सापडतो आणि मग इमॅटिनिबसारखी गोळी विचारात घेता येते. मावशीच्या अहवालात दोन्ही नव्हते. दोन दारे बंद झाली. वाईट बातमी खरी, पण चर्चा निम्मी झाली.

आता फोन सुरू झाले. पुण्याचा मामा, सिडनीचा मावसभाऊ, न्यू जर्सीची मामेबहीण आणि मी. मी अर्थातच एक्सेल शीट केली.

पुण्याहून सूचना आली : "मुंबईला टाटामध्ये आणा, तिथे हीच औषधं अगदी कमी डोसमध्ये देतात, खर्चही कमी." यात तथ्य आहे. टाटा मेमोरियलने २०२२ मध्ये एक मोलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. निव्होलुमॅबचा नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमच्या घरात. त्यांनी स्वस्त गोळ्यांच्या जोडीला फक्त २० मिलिग्रॅम दिले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. ज्यांना पूर्ण डोस कधीच परवडणार नाही अशा लाखो लोकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण तो अभ्यास डोके आणि मानेच्या कॅन्सरचा होता, मेलानोमाचा नव्हे. आणि मावशीचा प्रश्न पीडी-१ चे औषध परवडत नाही हा नव्हता, ते घेऊनही आजार वाढला हा होता. अभ्यास उत्तम, पण उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे. मामाला हे पटवायला तीन फोन लागले.

न्यू जर्सीहून दुसरा आकडा आला : इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब एकत्र दिले तर निम्मे लोक वर्षानुवर्षे जगतात. हाही खरा. त्या ९४५ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचे दहा वर्षांचे निकाल पुढे २०२४ मध्ये आले तेव्हाही जोडी घेतलेल्यांपैकी ४३ टक्के हयात होते. पण ते सगळे आधी उपचार न घेतलेले रुग्ण. मावशीसारख्यांसाठी, म्हणजे पीडी-१ च्या औषधाने गाठी आकसल्याच नाहीत अशांसाठी, वेगळा, छोटा अभ्यास २०२३ मध्येच आला होता. ९२ रुग्ण. जोडीने गाठी लक्षणीय आकसल्या २८ टक्क्यांत, नुसत्या इपिलिमुमॅबने ९ टक्क्यांत. आमच्या डॉक्टरांनी पुढे स्पष्ट सांगितले, की एक्रल प्रकार या औषधांना कमी दाद देतो, तेव्हा २८ सुद्धा वरची मर्यादा समजा.

हे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. आपण शिकलेली माणसे, दोन तासांत पन्नास शोधनिबंध उघडतो. प्रत्येक आकड्याला विचारा : हे रुग्ण कोण होते? आधी काय घेतले होते? आजाराचा प्रकार कोणता? तीन उत्तरे जुळली नाहीत तर आकडा कितीही गोड असला तरी आपला नाही.

तिसरी सूचना काढ्यांची. "इम्युनिटी वाढवायचीच आहे ना, मग गुळवेल चालू करा." प्रेमाने पाठवलेले पाकीट होते. पण ब्रेक सोडणाऱ्या औषधाने यकृताला सूज येऊ शकते, आणि गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती. आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती. तो वाद बाजूला ठेवला तरी, उद्या यकृताचे आकडे बिघडले तर कशामुळे हे कळणार कसे? पाकीट कपाटात गेले.

मग पैसा. २०२३ मध्ये मेलानोमासाठी इपिलिमुमॅब इथे सरकारी खर्चाने मिळत नव्हते. खाजगी क्लिनिकमध्ये औषध, ते चढवण्याचा खर्च आणि वर पंधरा टक्के जीएसटी. रक्कम घराच्या डिपॉझिटच्या भाषेत मोजायची. इथे लोक अशा वेळी घर गहाण टाकतात, किवीसेव्हर मोडतात, गिव्हअलिटलवर वर्गणी मागतात. ऑस्ट्रेलियात हेच औषध २०१३ पासून सरकारी यादीत, आणि न्यूझीलंडचा नागरिक तिकडे राहायला गेला तर मेडिकेअर मिळते. मावसभाऊ म्हणाला, आईला घेऊन या, मी बघतो.

काकांनी वर्षांपूर्वी घेतलेल्या विम्यात फार्मॅकच्या यादीबाहेरच्या औषधांचे जादा कलम होते, वार्षिक मर्यादेसह. त्यामुळे जोडीचे चार डोस आवाक्यात आले. ते कलम नसते तर हा लेख वेगळा झाला असता. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, हे आजच बघा. निदान झाल्यावर ते घेऊन उपयोग नसतो.

आता शीटमध्ये चार ओळी उरल्या : इथे जोडी, सिडनीला जोडी, कुठे चाचणी सुरू असेल तर तिथे नाव घालणे, किंवा आता औषध नको, फक्त त्रास कमी करणारे उपचार. चारही ओळींवर आमचे मत तयार होते. मावशी इतका वेळ ऐकत होती. डॉक्टरांच्या भेटीत तिने एकच विचारले : "उपयोग होत नाहीये, हे मला कधी कळेल?"

डॉक्टर म्हणाल्या, साधारण बारा आठवड्यांच्या स्कॅनला.

"म्हणजे तीन महिने. ते मी देते. पण घर गहाण टाकायचं नाही, आणि भाड्याच्या खोलीत आजारी पडायला मी सिडनीला जाणार नाही. माझी माणसं, माझं भजनी मंडळ इथे आहे. तीन महिन्यांनी उपयोग नसेल तर मला कुणी समजवायला यायचं नाही."

काका काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. मला वाटते निर्णय म्हणजे हेच. कोणते औषध श्रेष्ठ, हे कोणी सांगू शकत नव्हते. पण किती काळ, कोणत्या किमतीला आणि कुठे थांबायचे, हे एकच माणूस सांगू शकत होते, आणि त्याला विचारायच्या आधी चार देशांतल्या चार जणांचे बोलून झाले होते. आपल्या घरांत असेच होते. "तिला कशाला टेन्शन" म्हणून सगळे तिच्या डोक्यावरून बोलतात.

पुढे काय झाले ते सांगतो, पण एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या डोसनंतर जोरदार जुलाब सुरू झाले. ब्रेक सोडल्यामुळे आतड्याला सूज. या जोडीत गंभीर त्रास होणारे निम्म्याहून जास्त असतात. क्लिनिकने कार्ड दिले होते, त्यावरच्या नंबरला रात्रीच फोन केला, मोठ्या डोसची स्टेरॉइड्स लागली, आठ दिवस हॉस्पिटल. अशा वेळी घरच्या घरी इलेक्ट्रल देऊन सकाळची वाट बघू नका. उपचार तिथेच थांबला. बारा आठवड्यांच्या स्कॅनमध्ये यकृतातली गाठ निम्मी, फुप्फुसातल्या तेवढ्याच. दोन डोसांवर जवळजवळ वर्ष मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती डोंबिवलीला जाऊन आली. त्या सप्टेंबरमध्ये गाठी पुन्हा वाढल्या. तिने पुढचे औषध नाकारले, आणि आम्ही समजवायला गेलो नाही. हॉस्पिसच्या नर्स घरी येत. इथे ती सेवा मोफत असते आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायची गरज नसते. जानेवारी २०२५ मध्ये मावशी घरीच गेली.

ज्यांच्या घरी आज हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न :

१. वाढ खरी आहे हे कसे ठरवले?
२. प्रकार कोणता, बीआरएएफ आणि किटचे अहवाल आले का?
३. हा आकडा आमच्यासारख्याच रुग्णांचा आहे का?
४. उपयोग होतो की नाही हे कधी कळेल, आणि नसेल तर थांबायचे कसे?
५. गंभीर त्रास झाला तर रात्री दोन वाजता फोन कोणाला?
६. काहीच न घेतल्यास पुढचे महिने कसे जातील?

सहावा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, पण पेशंटला बहुधा तोच विचारायचा असतो.

२०२४ मध्ये इथल्या सरकारने फार्मॅकला चार वर्षांसाठी ६०.४ कोटी डॉलर वाढवून दिले आणि त्यानंतर कॅन्सरच्या औषधांची यादी बदलत गेली आहे. तेव्हा आमच्या २०२३ च्या पर्यायांवर जाऊ नका, त्या दिवशीची यादी बघा. आणि आज रात्री मोजे काढाल तेव्हा तळपाय बघा, आईबाबांना फोनवर त्यांचेही बघायला सांगा. बदलणारा काळा डाग दिसला तर पट्टी नको, डॉक्टर.

कोणाला आणखी काही विचारायचे असेल तर खाजगी मेल करा. पुढच्या खेपेस नेहमीचा विषय.

चू. भू. द्या. घ्या.