आई कधी येणार?

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चौथ्या दिवशी शोधकार्य थांबले. आश्रमशाळेत राहणारी वाडीतील काही मुले वाचली. ज्याने आईवडिलांचे अखेरचे दर्शनही घेतलेले नाही, त्या मुलाने ‘ते गेले’ हे कशाच्या आधारे मानावे? वाचकहो, अशा नातवंडाचा सांभाळ आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला आला असेल, तर हा प्रश्न प्रथम ध्यानी घ्यावा.

पुरात आईवडील गमावलेल्या सात वर्षांच्या नातीला घेऊन एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. महिन्यात तिसऱ्यांदा पोटदुखी. तपासणीत काहीच आढळले नाही. आजी औषध घ्यायला बाहेर गेल्या तेव्हा मुलीने हळूच विचारले, ‘‘डॉक्टरकाका, देवाघरून परत यायला एस.टी. असते का?’’

‘देवाघरी गेली’, ‘झोपली’, ‘गावाला गेली’ असे आपण मायेपोटी सांगतो. लहान मूल मात्र त्याचा शब्दशः अर्थ घेते. पाच वर्षांच्या आतील मुलांना मृत्यू तात्पुरता वाटतो. त्याहून मोठी मुले कित्येकदा स्वतःलाच दोषी धरतात. ‘मी आईशी भांडलो, म्हणून डोंगर पडला’ ही समजूत मनात घट्ट बसू शकते. म्हणून स्पष्ट सांगावे: आई मरण पावली, तिचे शरीर आता चालत नाही, ती परत येणार नाही आणि यात तुझी काहीही चूक नाही. हे एकदा सांगून भागत नाही. मूल पुन्हा विचारील, आपणही तितक्याच शांतपणे पुन्हा सांगावे. देह मिळाला नसेल तर फोटोपुढे दिवा लावणे, आईच्या आवडीचे झाड लावणे, अशा विधींत मुलाला सहभागी करून घ्यावे.

मूल आता रडते आणि घटकाभराने विटीदांडू खेळते, त्यावरून ‘याला काहीच वाटत नाही’ असे समजू नये. मुलांचे दुःख असेच तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडते. अंथरूण ओले होणे, पावसाच्या आवाजाने दचकणे, आजीचा पदर न सोडणे हे काही काळ स्वाभाविक आहे. त्यासाठी रागावू नये. शाळा, जेवण आणि झोप यांच्या वेळा शक्यतो सांभाळाव्यात. आपल्या झोपेच्या गोळीचा अर्धा तुकडा मुलाला देण्याचा प्रकार मी पाहिला आहे. तो कदापि करू नये.

आणि आपले स्वतःचे दुःख? आपण लेक किंवा सून गमावलेली असते. नातवंडासमोर डोळे भरून आले तर लपवू नयेत. ‘मलाही तिची आठवण येते’ एवढे म्हणावे.

मूल जेवेनासे झाले, काही महिन्यांनंतरही शाळेत जाईना, तर डॉक्टरांना दाखवावे. ‘मला आईकडे जायचंय’ असे वारंवार म्हणू लागले तर मात्र एक दिवसही थांबू नये. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीत बोलता येते. तो आपल्यासाठीही आहे.

त्या मुलीला मी सांगितले, ‘‘नाही बाळ, तशी एस.टी. नसते.’’ ती खूप रडली. दारात उभ्या असलेल्या आजीही रडल्या आणि मग दोघी एकमेकींचा हात धरून घरी गेल्या.