परगृहीचा पाहुणा

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करितात, त्यात माता, पिता व आचार्य यांच्याबरोबर अतिथीलाही देवासमान मानावे असे सांगितले आहे. हा उपदेश आपल्या घराघरांतील मुलांना पाठ असतो. परंतु तो यजमानाला उद्देशून आहे. अतिथीने कसे वागावे, ह्याविषयी आचार्य तेथे काही सांगत नाहीत. त्याची गरजही नसावी. ज्या मुलाने वर्षानुवर्षे गुरूच्या घरी राहून गाई राखल्या, समिधा आणिल्या आणि गुरुपत्नीने वाढिले ते गोड मानून खाल्ले, त्याला परक्या घरी कसे राहावे हा धडा निराळा काय द्यावयाचा? आजची मुले मात्र एक तर आईच्या घरी वाढतात, नाही तर वसतिगृहात. परक्या कुटुंबात चार घास खाण्याचा प्रसंग त्यांच्यावर पुष्कळदा प्रथम येतो तो एकदम समुद्रापलीकडे.

हा विषय निघाला तो अमरावतीच्या एका वाचक भगिनीच्या पत्रावरून. त्यांचा मुलगा स्कॉटलंडात ॲबर्डीन येथे शिकतो. एका वर्गमित्राने त्याला शनिवार-रविवारी आपल्या घरी येण्याचे आग्रहाचे आमंत्रण दिले आहे. घर उत्तर समुद्राच्या काठी एका लहानशा गावी आहे आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीचा धंदा चालत आलेला आहे. इकडे एकत्र कुटुंबात ह्यावर तीन पक्ष पडले आहेत. सासूबाई म्हणतात, जाऊच नये. थोरले दीर म्हणतात, जावे आणि पानात पडेल ते निमूटपणे खावे. बाईंना वाटते, मुलाने जावे. पण तो भिडेपोटी उपाशी राहील, किंवा भिडेपोटी खाईल आणि मागून मनाला लावून घेईल, ही त्यांना धास्ती आहे. ‘गुरुजी, तुम्हीच काय ते सांगा,’ असा पत्राचा शेवट आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच समाजातील एका मुलीने एकशेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेविले आहे. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. १८६५ साली जन्मलेली ही मुलगी वयाच्या अठराव्या वर्षी, ७ एप्रिल १८८३ रोजी, पतीला सोबत न घेता कलकत्त्याहून आगबोटीत बसली आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरली. तिला आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर ह्या बाईंना तिने तोपर्यंत डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. गोपाळराव जोशी ह्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी लिहिलेले एक पत्र अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापले गेले होते. दंतवैद्याच्या दिवाणखान्यात आपली पाळी येण्याची वाट पाहत असता कार्पेंटरबाईंनी ते वाचले, त्यांचे मन द्रवले, आणि १८८० पासून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. ह्या पत्रांतूनच कार्पेंटरबाई आनंदीबाईंच्या ‘मावशी’ झाल्या.

निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूर येथील जाहीर सभेत आनंदीबाईंनी सांगितले होते की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. हा निर्धार कोणाच्या पाठीमागे केलेला नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. न्यू जर्सी राज्यात, न्यूयॉर्क बंदराच्या जवळच असलेल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाचे घर होते. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव दाखल होईपर्यंतचा तो उन्हाळा तिने ह्या घरी काढिला. तेथे तिने आपला शाकाहार सोडिला नाही. लुगडेही सोडिले नाही. मात्र नऊवारी नेसण्याने पाय उघडे पडत, म्हणून ती गुजराती पद्धतीने नेसू लागली. कोणती गोष्ट धरावयाची आणि कोणती सैल सोडावयाची, हा विवेक ह्यात दिसतो. आपल्या हातचा स्वयंपाक करून तिने त्या घरी मावशींच्या स्नेहमंडळीला जेवूही घातले. पाहुणी म्हणून आलेली मुलगी अशा रीतीने त्या घरची झाली.

कार्पेंटरबाईंचे मोठेपण ह्याहून कमी नाही. त्या श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. तरी त्यांच्या घरी आनंदीबाईंना धर्म बदलावा लागला नाही. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली. पण परदेशची थंडी, आहाराची आबाळ आणि अभ्यासाचा ताण ह्यांनी प्रकृती पोखरली गेली होती. स्वदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेस पाठविली, आणि कार्पेंटरबाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेविली. पाहुणचाराची ह्याहून मोठी परिसीमा माझ्या वाचनात नाही.

आता ह्याच्या शेजारी आपल्याकडचे एक चित्र ठेवून पाहावे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आला. कोणी तो घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लाविला. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेही त्या मंडळींत होते. पुढे ती नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे गाजला. हा सगळा घाट घालणारे गृहस्थ म्हणजे आनंदीबाईंचे पती गोपाळरावच होत! ज्यांच्या पत्नीला एका परक्या घराने जवळ केले, त्यांनीच आपल्या समाजाला दाखवून दिले की आपण एका पेल्यालाही किती भितो. आज त्या वादाचे आपणांस हसू येते. पण सासूबाईंच्या ‘जाऊच नये’ मध्ये त्या पेल्याची छाया अजून आहे, हे नाकारता येणार नाही.

कोणी म्हणेल, चहाची गोष्ट निराळी आणि मासळीची निराळी. आम्हां वऱ्हाडकरांना समुद्र दूर. मूर्तिजापुराहून मुंबई गाठावयास आगगाडीत रात्र काढावी लागते. त्यामुळे मासळीच्या नुसत्या नावानेही आमच्याकडे भुवया चढतात. परंतु गोव्यातील सारस्वत ब्राह्मणांची घरे पाहावी. तेथे कुळाचार, देवपूजा आणि सोवळे आहे, आणि रोजच्या जेवणात मासळीही आहे. सोमवारी व सणावारी त्याच घरांत ‘शिवराक’, म्हणजे निव्वळ शाकाहारी, पाने वाढतात. आणि घाटावरचा पाहुणा आला तर त्याच्यासाठीही तसेच रांधतात. किनाऱ्यावरचा माणूस समुद्राने दिलेले खातो, आपण काळ्या जमिनीने दिलेली ज्वारी-तूर खातो. आपला नेम आपण पाळावा. तो दुसऱ्याला मोजण्याचे माप करू नये.

ह्या बाबतीत गांधीजींच्या आत्मकथेतील एक प्रसंग फार बोधप्रद आहे. १८८८ ते १८९१ ह्या काळात ते विलायतेत शिकत होते. ब्रायटन ह्या समुद्रकाठच्या गावी एका हॉटेलात पदार्थांची यादी फ्रेंच भाषेत असल्यामुळे त्यांना काही उमजेना. शेजारच्या एका वृद्ध विधवा बाईने कोणत्या पदार्थात मांस नाही ते त्यांना सांगितले. ओळख वाढली, आणि लंडनात दर रविवारी त्या बाईच्या घरी जेवावयास जाण्याचा परिपाठ पडला. बाई त्यांची तरुण मुलींशी ओळख करून देऊ लागली. कारण आपण विवाहित आहोत आणि आपल्याला मुलगा आहे, हे त्यांनी सांगितलेच नव्हते. अखेर त्यांनी पत्र लिहून सारे खरे कळविले आणि पुढे बोलवावे की नाही ते बाईवर सोपविले. बाईने आमंत्रण कायम ठेविले. तात्पर्य, जेथे संकोचाने सत्य झाकले जाते तेथे पाहुणचाराला कीड लागते. आणि सत्य सांगितल्याने भला यजमान दुरावत नाही.

दुसरा गुण आमच्याच तालुक्यातून घ्यावा. गाडगे महाराजांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी गेले. तेथे ते शेतात राबले. पुढे संतपदाला पोहोचल्यावरही, ज्या गावी जात त्या गावचे रस्ते आधी खराट्याने झाडीत आणि मग भाकर घेत. ज्याने परक्या अन्नाची किंमत श्रमाने दिली, त्यानेच पुढे वाटसरूंसाठी जागोजागी धर्मशाळा बांधिल्या.

तेव्हा ताईंना माझे सांगणे असे. मुलाला अवश्य जाऊ द्यावे. जाण्यापूर्वीच त्याने मित्राच्या आईला दोन ओळींनी कळवावे की मी मांस-मासळी खात नाही. बटाटे, पाव, लोणी, दूध आणि ओटची लापशी मला पुरेशी आहे. ऐन पानावर बसल्यावर हे सांगणे म्हणजे रांधणाऱ्या बाईला लाजविणे होय. जाताना डाळ, तांदूळ आणि मसाल्याची पुडी बरोबर न्यावी आणि एका वेळी चूल मागून घेऊन सर्वांना खिचडी करून वाढावी. जेवणानंतर भांडी विसळावयास उभे राहावे. मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावू नये. त्याच मासळीवर त्याच्या मित्राचे शिक्षण झाले आहे. होडी, जाळी, भरती-ओहोटी ह्यांविषयी मित्राच्या वडिलांना विचारावे. हे ज्ञान विद्यापीठात मिळत नाही. परत आल्यावर हाताने लिहिलेले आभाराचे पत्र धाडावे. आणि उपाशी तर मुळीच राहू नये. आनंदीबाईंच्या नेमापासून जितके शिकावयाचे, तितकेच त्यांच्या प्रकृतीच्या हानीपासूनही शिकावयाचे आहे.

राहता राहिला आपला स्वतःचा उंबरा. अकोल्याच्या कृषि विद्यापीठात आणि अमरावतीच्या महाविद्यालयांत परप्रांतीची मुले शिकतात. सुटी लागली, खाणावळ बंद झाली, की ती वसतिगृहात एकटी उरतात. आपल्या मुलाने त्यांतील एखाद्याला घरी आणिले, तर आपण त्याची जात आणि आहार विचारून मग पान मांडणार, की पान मांडून मग गाव आणि आईवडिलांची खुशाली विचारणार? रोझेलच्या घराने हा प्रश्न १८८३ साली सोडविला. आपल्या मुलाला समुद्राकाठच्या घरी आदराने वागविले जावे, अशी ज्या घराची इच्छा असेल, त्याने स्कॉटलंडच्या त्या मित्रालाही पुढील सुटीत अमरावतीस बोलवावे. आमचे घर शाकाहारी आहे, एवढे त्याला आधी कळवावे म्हणजे झाले. चार दिवस मासळीवाचून त्याचे काही अडणार नाही.