न वाचणाऱ्यांचं सोवळं

मारी-लुईज गे या बाईंनी लहान मुलांसाठी एक चित्रपुस्तक लिहिलं. स्टेला नावाची मुलगी, तिचा धाकटा भाऊ, एवढाच मामला. २०२३ साली अलाबामातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या संशयितांच्या यादीत ते जाऊन बसलं. गुन्हा? लेखिकेचं आडनाव. संगणकाला ‘गे’ हुडकायला सांगितलं होतं, त्याने इमानेइतबारे हुडकलं. नंतर ‘चूक झाली’ म्हणून ग्रंथालयाने हात झटकले. चूक कसली, पद्धतच ती! त्याच वर्षी आयोवात मेसन सिटीच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी कुठल्या पुस्तकात संभोग आहे ते चॅटजीपीटीला विचारलं आणि त्याच्या साक्षीवर पुस्तकं हटवली. मुलांच्या शीलाची चिंता एवढी की झोप लागत नाही. पण झोप लागत नाही म्हणून कोणी पुस्तक उघडेल, तर शपथ.

केसन कॅलेंडर यांची ‘फेलिक्स एव्हर आफ्टर’ ही २०२० ची किशोरकादंबरी याच सोवळ्याच्या तडाख्यात सापडली. नायक न्यूयॉर्कमधला सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय ट्रान्स मुलगा. चित्रकलेचा विद्यार्थी. आडनाव ‘लव्ह’, आणि प्रेमाचा आयुष्यात पत्ता नाही. शाळांच्या ग्रंथालयांतून असली पुस्तकं काढा म्हणून अमेरिकेत ‘लोक’ खवळलेत म्हणे.

लोक म्हणजे किती? ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०२१-२२ या शालेय वर्षातल्या हजारावर तक्रारी चाळल्या. त्यातल्या साठ टक्के तक्रारी अकरा जणांच्या निघाल्या. अकरा! एका पठ्ठ्याने एकट्याने ९२ ठोकल्या होत्या. प्रक्षुब्ध जनमत म्हणतात ते हे. दोन टमटममध्ये ऐसपैस बसेल आणि वर ड्रायव्हरशी गप्पा मारायला जागा उरेल.

आता, आत काय आहे? एका सकाळी फेलिक्स कलाशाळेत शिरतो, तर प्रवेशदालनात प्रदर्शन लागलेलं. त्याचेच फोटो, लिंगबदलाआधीचे, मोठे करून टांगलेले. खाली त्याचं टाकून दिलेलं नाव. कोणीतरी त्याच्या इन्स्टाग्रामवरून ते चोरलेत. येणारे-जाणारे बघताहेत. आणि कॅलेंडर यांची हुशारी बघा: अख्ख्या शाळेने वाचलेलं ते नाव आपल्याला, वाचकांना, शेवटपर्यंत कळत नाही. कादंबरीभर ते एकदाही छापलेलं नाही. चोराने भिंतीवर लावलं, लेखकाने पदराआड घेतलं. याला म्हणतात सभ्यता. अकरा जणांपैकी कुणाच्या लक्षात आलं असेल का? सोडा.

घरी वडील. मुलाच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यांनी उचलला, पण ‘फेलिक्स’ म्हणताना जीभ अडखळते, म्हणून नावच घ्यायचं टाळतात. हा बाप खलनायक नाही. असे बाप तुम्ही पाहिलेत. पैसे देतील, शब्द देणार नाहीत. आई सोडून गेलेली. तिला फेलिक्स ईमेल लिहितो आणि पाठवत नाही. जिवलग मित्र एझ्रा, त्याचं आडनाव चक्क पटेल. तेव्हा ‘आपला काय संबंध’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. (तसंही तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी त्रिपाठींचं आत्मकथन मराठीत २०१२ सालीच आलंय. ‘तिकडचं खूळ’ इकडे कधीच राहायला आलेलं आहे.)

बरं, आक्षेप घ्यायला माल नाही असंही नाही. सूड म्हणून हा फेलिक्स खोटं खातं उघडतो, ज्याच्यावर संशय आहे त्याला गळाला लावतो, त्याचं मन उघडं करून घेतो. आणि खरा दोषी भलताच निघतो. दुसऱ्याच्या खाजगीत हात घातला म्हणून जळणारा मुलगा स्वतः तेच करतो! नीतिवाल्यांना याहून मोठं घबाड कुठे मिळणार? पण त्यासाठी पानं उलटावी लागतात. माझी तक्रार वेगळीच: मधूनमधून ही पोरं बोलता बोलता परिसंवादाला बसतात, ओळखीच्या एकेका छटेची व्याख्या होते आणि माझ्यातला वाचक जांभई देतो. कैवारी मंडळींना नेमका तोच भाग आवडतो. ती हे पुस्तक काढ्यासारखं पाजतात: घे, संवेदनशील होशील.

खरी खुपणारी गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटते. असल्या पात्राने शेवटी मरावं, निदान पुलावरून खाली तरी बघावं, ही साहित्यातली जुनी वहिवाट. आपण डोळे पुसायचे, ‘समाज किती क्रूर’ म्हणायचं आणि जेवायला बसायचं. फेलिक्स मरत नाही. मत्सर करतो, चुकतो, खोटं बोलतो, ब्राउन विद्यापीठाच्या प्रवेशासाठी झुरतो, आणि एवढं सगळं करूनही कोणीतरी त्याच्यावर प्रेम करतं. म्हणजे चारचौघांच्या पोरांना जे फुकट मिळतं तेच. हा खरा अश्लीलपणा!

राहता राहिलं युटा. तिथे २०२२ साली शाळांतून अश्लील पुस्तकं हटवण्याचा कायदा झाला. एका खट पालकाने त्याच कायद्याखाली बायबलविरुद्ध तक्रार दाखल केली, आणि २०२३ मध्ये डेव्हिस जिल्ह्याने खरोखरच खालच्या वर्गांच्या शाळांतून बायबल काढलं! मग काय धावपळ. काही आठवड्यांत शिक्षणमंडळाने ते सन्मानाने परत आणलं: म्हणे, ग्रंथाचं गंभीर मूल्य त्यातल्या हिंसेला आणि असभ्यतेला पुरून उरतं. अगदी मान्य. सुटे उतारे नव्हे, समग्र ग्रंथ बघायचा. फेलिक्सचीही साडेतीनशे पानं आहेत. बसा की मग वाचायला.