चौकोनी फोटोचा कॅमेरा घेताना

मैत्रिणींनो, स्वतःच्या हौसेसाठी पैसे काढायचे म्हटले की आपला हात आखडतोच. मुलांच्या फीला नाही आखडत, नणंदेच्या आहेराला नाही आखडत, पण स्वतःसाठी मात्र आखडतो! म्हणून एका वाचक भगिनीचा प्रश्न मला मोलाचा वाटला. घरखर्चातून शिल्लक टाकून तिला १२० नंबरच्या रोलचा जुना कॅमेरा घ्यायचा आहे. मोबाईल असताना हे खूळ कशाला, असं घरात म्हणतात.

खूळ नव्हे बरं का! या रोलवरची चौकोनी निगेटिव्ह साधारण ५६ मिलिमीटर लांब-रुंद असते, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या साडेतीनपट मोठी. फोटो मोठा केला तरी चेहऱ्यावरची रेघन् रेघ स्वच्छ येते. होमाई व्यारावाला या आपल्याकडच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या हातातही असाच चौकोनी निगेटिव्हचा रोलायफ्लेक्स असे. साडी नेसून, गर्दीतून वाट काढत त्या काम करीत.

आधी हिशेब मांडा. सगळे पैसे कॅमेऱ्यातच घालू नका. तीन वाटे करा: एक कॅमेऱ्याचा, एक दुरुस्तीचा, एक रोल आणि धुलाईचा. एका रोलवर चौकोनी फोटो बाराच निघतात. समजा, रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून बाराशे रुपये पडले, तर एकेक फोटो शंभर रुपयांना पडला! तेव्हा आपल्या गावात किंवा टपालाने रोल धुऊन देणारं कोण आहे, याची चौकशी आधी करा. कॅमेरा नंतर.

आता कोणता घ्यावा? सगळ्यात स्वस्तात भागतं ते आगफा क्लिक थ्रीमध्ये. हा भारतातच बनत असे. माहेरी किंवा सासरी माळ्यावर एखादा पडलेलाही असेल, तेव्हा दुकान गाठण्यापूर्वी माळा बघा. त्यात फोकस करावा लागत नाही, पण चांगल्या उजेडात, थोड्या अंतरावरूनच फोटो नीट येतो. खोलीतल्या फोटोची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

त्याच्यावरचा म्हणजे रशियन लुबिटेल. याला एकावर एक दोन भिंगं असतात. वजनाला हलका, भिंग काचेचं, अंतर आणि उजेड दोन्ही आपल्या हातात. मात्र फोकस सावकाश, डोळ्यांत तेल घालून करावा लागतो.

थोडे जास्त पैसे साठले असतील तर याशिका मॅट १२४ जी बघावा. १९७० ते १९८६ या काळात तो बनत होता. भिंग उत्तम, आणि शटर एका सेकंदापासून एक पंचशतांश सेकंदापर्यंत चालतं. उजेड मोजणारा त्याचा काटा पाऱ्याच्या सेलवर चाले. ते सेल आता बनत नाहीत. काटा बंद असला तर तेवढ्यासाठी नाही म्हणू नका, पण किंमत मात्र कमी करून मागा! काट्यावाचून अडत नाही. कडक उन्हात १०० नंबरची फिल्म असेल तर भिंगाचा आकडा १६ वर आणि शटर १२५ वर ठेवावं, फोटो ठीक येतो.

पैसे देण्यापूर्वी एवढं बघाच. भाजी निवडून घेतो ना, तसंच हे!

टॉर्च घेऊन भिंगातून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दमट हवेतल्या कॅमेऱ्यांना ती हटकून लागते.

शटर एक सेकंदावर लावून दाबा. मध्येच अडकलं किंवा फारच रेंगाळलं, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा.

घडीचा, भात्याचा कॅमेरा असेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च आत धरून भाता तपासा. बारीक उजेड बाहेर आला की भोक आहे, आणि तिथून फिल्म जाणार.

आत एक रिकामी रीळ आहे ना, हे पाहा. तिच्याशिवाय रोल गुंडाळला जात नाही.

आणि ६२० नंबरच्या रोलचा कॅमेरा स्वस्त दिसला तरी मोहात पडू नका. फिल्मची रुंदी तीच, पण त्याची रीळ वेगळी. कोडॅकने तो रोल १९९५ मध्ये बंद केला.

घरी आणल्यावर कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

दोन भिंगांच्या कॅमेऱ्याची एक गंमत सांगते. तो पोटाशी धरून वरून खाली बघायचं असतं. त्यामुळे आपला चेहरा झाकला जात नाही. सासूबाई किंवा धाकटं पोर आपल्याशी बोलत राहतात, आणि तेवढ्यात बटण दाबता येतं. काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं, पण त्याची सवय होते.

बाराच फोटो आहेत म्हटल्यावर आपण थांबून, नीट पाहून फोटो काढतो. दिवसभराच्या धावपळीत असं थांबायला मिळणं हेही काही थोडं नाही. तेव्हा पहिला रोल भरा, आणि त्यातला एक तरी फोटो दुसऱ्या कुणाला काढायला सांगा. घरच्या अल्बममध्ये तुम्हीही दिसायला हव्यात ना!