आमच्या मुलींच्या खात्यावर काय जमा?

मागच्या महिन्यात वागळे इस्टेटमधल्या किसननगरला आमच्या गटाची बैठक होती. विषय रेशनकार्डांचा होता. बैठक संपता संपता एका मैत्रिणीने आपल्या मुलीला पुढे केलं आणि म्हणाली, "ताई, हिच्या वडिलांना तुम्हीच समजावा." मुलगी बारावी झालेली. व्होकेशनलला अकाउंटिंग घेतलं होतं, मार्क चांगले होते. तिला बी.कॉम. करायचंय. वडील रिक्षा चालवतात. त्यांचं म्हणणं असं, "दोन वर्षं हिशोबच शिकली ना? मग परत तेच शिकायला आणखी तीन वर्षं? स्थळ चांगलं आलंय."

वडिलांचा मला राग आला. मुलीच्या लग्नाची घाई कशाला, हे आम्ही त्यांना सुनावलंही. पण घरी परतताना जाणवलं की त्यांच्या बोलण्यातला अर्धा प्रश्न खरा आहे. मुलगी जे शिकली ते पुढे धरतच नाहीत, हे कसं? कारण हे माझ्याही बाबतीत झालं आहे.

१९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर अकरावी-बारावीत व्यवसाय शिक्षण आणायची मोहीम निघाली. आपल्या राज्यात १९८८च्या सुमारास एम.सी.व्ही.सी. म्हणजे किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले. वाणिज्य गटात हिशोब आणि लेखापरीक्षण, विक्रीकला, खरेदी आणि भांडार, ऑफिस व्यवस्थापन असे विषय होते. अर्ध्याहून अधिक वेळ व्यवसायाच्या विषयाला, त्यात प्रत्यक्ष काम. दहावीनंतर १९९० साली मी हिशोबाचा अभ्यासक्रम घेतला. किर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, व्हाउचर लावणं, बँकेचं पासबुक आणि आपली वही जुळवणं, हे सगळं दोन वर्षं हाताने केलं. आमच्या वर्गात मुलीच जास्त होत्या. "मुलींना बरं आहे, बसून काम आहे," असं घरचे म्हणायचे. इलेक्ट्रॉनिक्स आणि मोटार दुरुस्तीच्या वर्गात मुलगे.

बारावीनंतर मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गेले. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं: ज्याला मिळालं त्याच्या नावे, ज्याने दिलं त्याच्या जमा. मी दोन वर्षं तेच करून आले होते! वर्षभर तेच गिरवलं. दुसऱ्या वर्षाला असताना बाबांची कंपनी बंद झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी ही आपली वागळे इस्टेट. आमच्या आधीची पिढी इथल्याच भोंग्यावर जगली. ऐंशी-नव्वदच्या दशकात एकेक गेट बंद होत गेलं आणि तिथे कामाला असलेल्यांच्या मुलामुलींची शिक्षणंही बंद पडली. धाकट्या भावाची फी भरली गेली, माझी नाही. मी एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात रोकडवही लिहायला लागले. पदवी राहिली ती राहिलीच.

ते वाया गेलेलं एक वर्ष हातात असतं, तर बाबांचं काम गेलं तेव्हा मी शेवटच्या वर्षाला असते. शेवटचं वर्ष घरचे कसंही करून काढू देतात. मधलं वर्ष सोडायला लावतात. वस्तीतल्या कुठल्याही बाईला हे विचारा.

आता नियम काय सांगतो ते पाहू. व्होकेशनलच्या तांत्रिक गटाच्या विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे त्याची दोन वर्षं धरली जातात, एक वर्ष वाचतं. वाणिज्य गटातली मुलगी मात्र बी.कॉम.च्या पहिल्या वर्षातच बसते. तांत्रिक गटात बहुतेक मुलगे, वाणिज्य गटात मुली. कायद्यात कुठेही "मुलींना देऊ नका" असं लिहिलेलं नाही. पण लाभ कुणाच्या पदरात पडतो ते उघड आहे.

अमेरिकेत शाळेत असतानाच कॉलेजच्या अभ्यासाचे गुण मिळवायची सोय १९५०च्या दशकापासून आहे. मुलं शाळेत शिकता शिकता जवळच्या कॉलेजात हिशोबाचा किंवा व्यवसायाचा विषय पुरा करतात आणि तेवढी फी, तेवढा वेळ पुढे वाचतो. तिथेही ही सोय चांगल्या वस्तीतल्या शाळांना आधी मिळते, हे खरं. पण शिकलेलं पुढे धरायचं, हे तत्त्व तिथे मान्य आहे.

आपल्याकडेही २०२०च्या शैक्षणिक धोरणाने हे तत्त्व कागदावर आणलं. २०२१ साली श्रेयांकांची बँक सुरू झाली. विद्यार्थ्याच्या नावाने खातं आणि शिकेल तसे श्रेयांक जमा. २०२३च्या श्रेयांक आराखड्यात शाळाही आली. वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, तीस तासांना एक. अकरावी-बारावीचे मिळून ८० होतात. ऐकायला किती छान! पण त्याच आराखड्यात पायऱ्या आहेत. बारावी ही चौथी पायरी, पदवीचं पहिलं वर्ष साडेचारावी. खालच्या पायरीवरचे श्रेयांक वर चढायचा परवाना देतात, वरच्या पायरीवरचं काम कमी करत नाहीत. म्हणजे पासबुकात ८० दिसतात आणि काढायला गेलं की हातात शून्य. मी पाहिलेल्या एकाही मुलीचं वर्ष यातून वाचलेलं नाही.

आणखी दोन गोष्टी मला धोक्याच्या वाटतात. आता पदवी मध्येच सोडता येते. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. याला लवचीकता म्हणतात. शिक्षण सोडावं लागलेल्या मुलीच्या हातात काहीतरी राहतं, हे मी नाकारत नाही. मला १९९३ साली तेही मिळालं नव्हतं. पण आपल्या घरांमध्ये मुलीसाठी बाहेर जायचं दार ढकलायला सगळे तयार असतात. "सर्टिफिकेट मिळालं ना? झालं की मग!" परत आत यायचं दार तिने एकटीने उघडायचं. आणि बँकेतल्या श्रेयांकांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं. लग्न, पहिलं मूल, दुसरं मूल, सासूचं आजारपण. सात वर्षं कधी जातात ते कळत नाही. ज्या वर्षी बाईला पुन्हा शिकायची उसंत मिळते, त्याच वर्षी तिची ठेव बुडालेली असते. हा नियम करताना बाईचं आयुष्य कुणी डोळ्यांसमोर ठेवलं होतं का?

आमच्याच गटात यावर वाद झाला. एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "गरिबांच्या मुलींना आधीच व्होकेशनलला ढकलतात. तू त्याचंच कौतुक करतेस. उद्या पंधराव्या वर्षीच त्यांना डेटा एन्ट्रीला बसवतील." तिचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. वागळे इस्टेटमध्ये जिथे यंत्रं होती तिथे आज काचेच्या इमारती आणि ऑफिसं आहेत. तिथे बारावीच्या मुली हव्यातच, पण कमी पगारावर, कंत्राटी, "शिकाऊ" या नावाखाली. म्हणूनच मी म्हणते, व्यवसाय शिक्षण वरच्या शिक्षणाला जोडलेलं नसलं की तो पिंजरा होतो. पदवीपर्यंतचा रस्ता मोकळा असेल तरच तो आधार होतो. आणि हिशोब शिकवायचा तर मालकाचाच का? ताळेबंद शिकवता तसं पगारपत्रक वाचायलाही शिकवा. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ई.एस.आय., बाळंतपणाची रजा, कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा, हे व्यवसाय शिक्षणात का नको?

आपल्या मागण्या साध्या असाव्यात. वाणिज्य गटातल्या मुलीने हिशोबाचा जो भाग पुरा केला आहे, तो पदवीच्या पहिल्या वर्षात पुन्हा लादू नये. हवी तर परीक्षा घ्या आणि सूट द्या. श्रेयांकांना मुदत नको, निदान बायकांच्या बाबतीत तरी नको. शिकाऊ म्हणून ऑफिसात केलेल्या कामालाही श्रेयांक मिळावेत, आणि त्या कामाचं विद्यावेतन मुलीच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावं. हे सगळं दहावीच्या वर्गात, पालकांसमोर, मराठीत समजावून सांगितलं जावं.

आणि आयांचं काय? कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देता येतात, असं नवा आराखडा म्हणतो. मग बचत गटाची वही वीस-वीस वर्षं चोख लिहिणाऱ्या आपल्या बायकांना का नाही? पैशाचा घोळ न होऊ देता गट चालवणं हे शिक्षण नाही का? नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीची वाट काढली होती. तशी वाट या बायकांच्या हिशोबासाठीही काढता येईल.

त्या मुलीच्या घरी आम्ही तिघीजणी दोनदा जाऊन आलो. वडिलांनी शेवटी "एक वर्ष बघू" म्हटलंय. तिने प्रवेश घेतलाय. परवा भेटली तेव्हा हसत म्हणाली, "ताई, पहिलं प्रकरण मला पाठच आहे." ती हसली, मला काही हसू आलं नाही. वडिलांनी दिलेलं एकुलतं एक वर्ष पाठ असलेलं प्रकरण गिरवण्यात चाललंय.

मैत्रिणींनो, आपल्या वस्तीत अशा किती मुली आहेत त्यांची यादी करा. कोण काय शिकली, पुढे काय धरलं गेलं, कोणत्या वर्षी आणि का सुटलं, ते लिहून ठेवा. विद्यापीठाच्या दारात जाऊ तेव्हा ही वही आपल्या हातात असली पाहिजे.